शेतमालासाठी पिकअप गाडी : कोणी घ्यावी व कशी राबवावी ?

शेतात पिकलेला माल जोवर बाजाराच्या ओट्यावर पोचत नाही, तोवर त्याचे पैसे होत नाहीत. ज्वारी, गहू, हरभरा ही पिके कणगीत किंवा गोदामात काही काळ थांबू शकतात. मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, अंजीर, द्राक्षे यांना ती सवड नसते. तोडणी झाल्या क्षणापासून अशा मालाचा दर्जा उतरू लागतो, आणि दर्जाबरोबर भावही उतरतो. म्हणून बागायती शेतीत वाहतूक हे पेरणी, खत व पाणी यांच्याइतकेच महत्त्वाचे अंग मानले पाहिजे.

गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्राच्या बागायती पट्ट्यांत या कामासाठी एक साधन विशेष रूढ झाले आहे. ते म्हणजे लहान व मध्यम आकाराची पिकअप मालमोटार. जुन्नर, निफाड, दिंडोरी, पुरंदर यांसारख्या तालुक्यांत ही गाडी आता बैलगाडीइतकीच ओळखीची झाली आहे. तिच्याविषयी गावोगाव दोन मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी तिच्याकडे कर्जाची धोंड म्हणून पाहतात, तर तरुण मंडळींना प्रत्येक बागायतदाराच्या दारात ती उभी असावी असे वाटते. दोन्ही मतांत थोडे तथ्य आहे, परंतु दोन्ही अपुरी आहेत. गाडी उपयुक्त आहे यात शंका नाही. खरा प्रश्न तिच्या मालकीचा व तिला मिळणाऱ्या कामाचा आहे.

टेम्पोपासून पिकअपपर्यंत

महाराष्ट्रात कोणत्याही लहान मालगाडीला 'टेम्पो' म्हणण्याची जी पद्धत पडली, तिचे मूळ पुण्याच्या उद्योगात आहे. न. के. फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन केली व जर्मनीतील टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने तीन चाकी मालगाड्या बांधण्यास प्रारंभ केला. पुढे १९६९ मध्ये याच कंपनीची मॅटाडोर आली. कंपनीचे नाव २००५ पासून फोर्स मोटर्स असे झाले, परंतु टेम्पो हा शब्द भाषेत कायमचा राहिला. बारामती येथे तयार होणाऱ्या आपे या तीन चाकी गाडीनेही पुढील काळात जवळच्या बाजारहाटाचे पुष्कळ काम केले.

२००५ सालच्या मे महिन्यात टाटा मोटर्सने एस ही चार चाकी लहान गाडी बाजारात आणली. सुमारे ७०० घन सेंटिमीटरचे दोन नळकांड्यांचे डिझेल इंजिन आणि सुमारे पाऊण टन माल नेण्याची क्षमता असलेल्या या गाडीला लोकांनी लवकरच 'छोटा हत्ती' हे नाव दिले. तीन चाकी गाडीपेक्षा ती स्थिर होती आणि मोठ्या मालमोटारीपेक्षा पुष्कळच स्वस्त होती. पुढे २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त, २०१६ मध्ये मारुतीची सुपर कॅरी व २०१९ मध्ये टाटांची इंट्रा या गाड्या आल्या. एक ते दोन टनांच्या मध्यम गटात महिंद्र कंपनीच्या बोलेरो पिकअपने ग्रामीण भागात मोठे स्थान मिळविले. आज पाऊण टनापासून दोन टनांपर्यंत, गरजेनुसार निवड करता येईल इतक्या गाड्या उपलब्ध आहेत.

मागणी वाढण्याची कारणे

या गाड्यांची ओढ केवळ हौसेने वाढलेली नाही. तिच्यामागे शेतीच्या स्थितीत झालेले बदल आहेत. महाराष्ट्रातील सरासरी वहिती धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. जमिनीचे तुकडे लहान झाले, तसा एका वेळी निघणारा मालही कमी झाला. दहा टनांची मालमोटार भरण्याइतका माल एका तोडणीत निघेल असे शेतकरी फार थोडे आहेत. दीड टनाची गाडी मात्र दोन-तीन शेजारी मिळून सहज भरू शकतात.

दुसरे कारण रस्त्यांचे. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. तेव्हापासून अनेक वाड्या-वस्त्या बारमाही रस्त्यांनी जोडल्या गेल्या. तिसरे कारण शहरांचे. मोठ्या शहरांत दिवसा अवजड वाहनांवर ठिकठिकाणी निर्बंध असतात. अरुंद गल्लीतील दुकानापर्यंत किंवा गृहसंकुलाच्या फाटकापर्यंत लहान गाडीच पोचू शकते.

चौथे कारण कायद्यातील सवलतींचे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये ज्या मालवाहू गाडीचे एकूण भारित वजन ३,००० किलोग्रॅमपेक्षा अधिक नाही, तिला वाहतुकीचा वेगळा परवाना घ्यावा लागत नाही. हलके मोटार वाहन चालविण्याचा परवाना असणारी व्यक्ती ७,५०० किलोग्रॅम एकूण वजनापर्यंतची मालगाडी चालवू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले आहे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे खरेदीचा भार काहीसा हलका झाला आहे.

लहान शेतीला लहान गाडी, हा न्याय अन्य देशांतही दिसतो. जपानमध्ये 'केई' या वर्गातील मालगाडीची लांबी ३.४० मीटर व रुंदी १.४८ मीटर यांच्या आत असावी लागते, इंजिन ६६० घन सेंटिमीटरच्या आत असते व तीत ३५० किलोग्रॅमपर्यंतच माल भरता येतो. भातखाचरांमधील चिंचोळ्या वाटांवरून जाणारी ही गाडी तेथील लहान शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडली आहे. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९२५ साली कारखान्यातच हौदा बसविलेली पहिली पिकअप विक्रीस आणली. पुढे त्या देशात पिकअप गाड्या उत्तरोत्तर मोठ्या व महाग होत गेल्या. याच कंपनीने २०११ मध्ये तेथे बंद केलेली मध्यम आकाराची रेंजर २०१९ मध्ये पुन्हा आणली, आणि २०२१ मध्ये तिच्याहून लहान अशी मॅव्हरिक सादर केली. विस्तीर्ण शेते व रुंद रस्ते असलेल्या देशातही बेताच्या आकाराच्या गाडीस पुन्हा गिऱ्हाईक मिळते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

बाजार निवडण्याची मोकळीक

गाडीचा सर्वांत मोठा लाभ भाडे वाचणे हा नव्हे. शेतकऱ्याला बाजार निवडता येतो, हा तिचा खरा लाभ होय. ज्याच्याजवळ वाहतुकीचे साधन नाही, त्याला बांधावर येणाऱ्या व्यापाऱ्याशी सौदा करताना एक मोठी उणीव जाणवते. माल तोडून ठेवलेला आहे, ऊन चढत आहे आणि दुसरी गाडी मिळेल की नाही याची खात्री नाही, अशा स्थितीत सांगितलेला भाव नाकारण्याचे बळ राहत नाही. शिवार खरेदी मुळात वाईट नाही. हमाली, तोलाई व प्रवास यांचा त्रास तीत वाचतो. परंतु नकार देण्याची सोय असेल तरच सौद्याला सौदा म्हणता येते. दारात किंवा शेजारी गाडी उभी असेल, तर व्यापारीही भाव सांगताना ती विचारात घेतो. प्रत्यक्षात ती गाडी त्या दिवशी बाजारात गेली नाही तरी तिचे काम झालेले असते.

या मोकळिकीस कायद्याचाही आधार मिळाला आहे. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला. त्याच वर्षी राज्य कृषी पणन मंडळाने संत सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान हाती घेतले, व शहरी ग्राहकांना थेट विक्री करण्याचा मार्ग अधिक सुकर झाला. परंतु आठवडे बाजार शहरात भरतो आणि माल गावात पिकतो. मधले अंतर तोडण्यास साधन नसेल, तर अशी सवलत कागदावरच राहते. २०२० च्या टाळेबंदीच्या काळात पुणे व मुंबई येथील गृहसंकुलांत शेतकरी गटांनी थेट भाजीपाला पोचविला, तो बहुतांशी अशाच लहान गाड्यांतून. सप्टेंबर २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी कांद्याचे लिलाव बंद ठेवले होते. अशा प्रसंगी ज्याच्यापाशी गाडी आहे त्याला निदान दुसऱ्या जिल्ह्यातील बाजाराचा विचार तरी करता येतो.

हप्त्याचा हिशेब

इतके लाभ असता प्रत्येकाने गाडी घ्यावी असे का म्हणू नये ? याचे उत्तर हिशेबात आहे. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपल्या भागातील प्रत्यक्ष दर मांडून पाहावेत.

समजा, दीड टन क्षमतेच्या गाडीसाठी ८ लाख रुपयांचे कर्ज पाच वर्षांच्या मुदतीने व द. सा. द. शे. ११ व्याजाने घेतले. त्याचा मासिक हप्ता सुमारे १७,४०० रुपये होतो. विमा, कर व वाहन तपासणी यांसाठी महिन्यास ४,६०० रुपये व चालकाचा पगार १५,००० रुपये धरला, तर गाडी दारात उभी असली तरी दरमहा ३७,००० रुपये खर्च होणारच. हा झाला स्थिर खर्च. आता बाजार दीडशे किलोमीटरवर आहे असे समजू. जाऊन-येऊन ३०० किलोमीटरच्या एका खेपेस डिझेल २,१०० रुपये, पथकर ६०० रुपये आणि टायर, तेल व दुरुस्ती यांची तरतूद ८०० रुपये, असा ३,५०० रुपये चालू खर्च येईल. हीच खेप भाड्याच्या गाडीने केली तर ६,००० रुपये पडतात असे धरू.

यावरून दिसते की, स्वतःच्या गाडीने प्रत्येक खेपेमागे २,५०० रुपये वाचतात. परंतु ३७,००० रुपयांचा स्थिर खर्च भरून निघण्यास महिन्यास १५ खेपा व्हाव्या लागतात. महिन्यास १० खेपा झाल्या, तर एका खेपेचा एकूण खर्च ७,२०० रुपये म्हणजे क्विंटलमागे ४८० रुपये पडेल. भाड्याच्या गाडीत तोच खर्च क्विंटलमागे ४०० रुपये आहे. उलट महिन्यास २५ खेपा झाल्या, तर स्वतःच्या गाडीचा खर्च क्विंटलमागे ३३२ रुपयांवर येतो. परतीच्या वाटेवर खत, पशुखाद्य किंवा किराणा यांचे १,५०० रुपयांचे भाडे मिळाले, तर तो २३२ रुपयांपर्यंत उतरतो. आणि महिन्यास दहाच खेपा करून गाडी प्रत्येक वेळी अर्धीच भरली, तर क्विंटलमागे ९६० रुपये खर्च होईल. गाडी तीच व बाजारही तोच असताना खर्चात चौपटीहून अधिक अंतर पडते.

आता शेताकडे पाहू. उत्तम निगा राखलेल्या एक एकर टोमॅटोचे २२५ क्विंटल उत्पन्न धरले, तर संपूर्ण हंगामात दीड टनाच्या १५ खेपा होतात. म्हणजे एका एकराचा सारा हंगाम गाडीच्या एका महिन्याची बरोबरी साधतो. वर्षभरात १८० खेपा, म्हणजे २,७०० क्विंटल माल हवा असेल, तर अशा १२ एकरांची आवश्यकता आहे. सरासरी धारणक्षेत्र सव्वातीन एकरांच्या आसपास असताना एकट्या शेतकऱ्याने हा मेळ कसा घालावा ? शेतकरी स्वतः गाडी चालवील व चालकाचा पगार वाचेल, असे काही जण म्हणतात. तसे केल्यास महिन्यास १५ ऐवजी ९ खेपा पुरतात, हे खरे. परंतु रात्रभर घाट उतरून बाजार गाठावयाचा व दिवसा पुन्हा शेतात राबावयाचे, हा क्रम शरीराला झेपत नाही. पेंगणाऱ्या चालकाच्या हाती गाडी देण्यात कोणतीच काटकसर नाही.

हप्त्याचा आणखी एक स्वभाव ओळखला पाहिजे. तो भाव पाहत नाही. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटोचे भाव कडाडले होते, आणि सप्टेंबरमध्ये ते इतके कोसळले की तोडणीचा खर्चही निघेना. चढ्या भावाच्या महिन्यात मिळालेला पैसा हा पुढील पाच वर्षांचे उत्पन्न नव्हे. तेजीच्या भरात साठ हप्त्यांचे बंधन पत्करणारा शेतकरी पहिल्याच मंदीत सापडतो. मग गाडी विकावी लागते, व क्वचित तिच्या पाठोपाठ जमिनीवरही बोजा चढतो.

सामाईक गाडी हाच मार्ग

यास्तव गाडी घेण्याचा विचार घराच्या नव्हे, तर गटाच्या पातळीवर व्हावा हे इष्ट. आठ-दहा बागायतदार एकत्र आले, व त्यांनी आपल्या पिकांच्या वेळा थोड्या मागेपुढे ठेवल्या, तर वर्षाचे बाराही महिने गाडीस काम मिळू शकते. एकाचा टोमॅटो संपतो तेव्हा दुसऱ्याची ढोबळी मिरची सुरू होते, आणि तिसऱ्याची कोथिंबीर तर दर दीड महिन्यास निघते. महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांनी १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा केला. एकट्याला जे पेलत नाही ते सर्वांनी मिळून पेलावे, हाच त्यामागील विचार होता. आजच्या कायद्याने दहा उत्पादक शेतकरी एकत्र येऊन शेतकरी उत्पादक कंपनी स्थापन करू शकतात. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून ही सोय उपलब्ध आहे.

सामाईक मालकीचे नाव काढताच अनेकांना भांडणे आठवतात. ती भीती अनाठायी नाही. एकाच दिवशी दोघांची तोडणी आली तर गाडी कोणाची, डिझेल कोणी भरावयाचे, बिघाड झाला तर दोष कोणाचा, या प्रश्नांवर चांगले गटही मोडतात. परंतु ही भांडणे बहुधा नियमांच्या अभावी होतात. पुढील गोष्टी गाडी घेण्यापूर्वीच लेखी ठरवून घेतल्यास पुष्कळसे वाद टळतात.

१. गाडी गटाच्या किंवा कंपनीच्या नावे असावी. एका सभासदाच्या नावे घेऊन तोंडी वाटणी करू नये.

२. सभासदांनी खेपेप्रमाणे नव्हे, तर क्विंटलप्रमाणे आकार द्यावा. तीन क्विंटल मालाच्या धन्यासही मग गाडीत जागा मिळते.

३. तोडणीच्या तारखा आठवडाभर आधी नोंदवाव्यात. मालाच्या नाशवंतपणानुसार क्रम लावावा. पालेभाजी आधी, कांदा नंतर.

४. प्रत्येक खेपेची नोंदवही ठेवावी. तारीख, किलोमीटर, डिझेल, मालाचे वजन, बाजार व मिळालेला भाव यांची नोंद तीत असावी. वर्षअखेरीस हीच वही कोणता बाजार खरोखर परवडला ते सांगेल.

५. प्रत्येक क्विंटलमागे ठराविक रक्कम दुरुस्ती व बदली निधीत टाकावी. गाडी जुनी होणार आहे, हे पहिल्या दिवशीच मान्य करावे.

६. सर्व व्यवहारास एकच जबाबदार व्यवस्थापक असावा, व त्याने महिन्याच्या महिन्यास सभासदांपुढे हिशेब ठेवावा.

असा गट जमणे शक्य नसेल, तर भाड्याची गाडी वापरण्यात कमीपणा मानू नये. परिसरातील एखादा होतकरू तरुण पिकअप चालविण्याचा व्यवसाय करीत असेल, तर चार-पाच बागायतदारांनी त्याच्याशी हंगामभराचा करार करावा. त्याला कामाची शाश्वती मिळते, शेतकऱ्यांना गाडीची शाश्वती मिळते, व कर्जाचा बोजा शेतीवर येत नाही.

क्षमतेपलीकडे भरती नको

खर्च भागविण्याचा एक घातक मार्ग पुष्कळांना सुचतो. तो म्हणजे दीड टनाच्या गाडीत अडीच टन माल भरणे. पाटे जाड करून घेतले, हौद्यास उंच फळ्या लावल्या, की गाडीची ताकद वाढली असा समज होतो. पाटे वजन झेलतात, परंतु गाडी थांबविण्याचे काम ब्रेक करतात, आणि ब्रेक मूळ वजनासाठीच बनविलेले असतात. कसारा, माळशेज किंवा खंबाटकी यांसारख्या घाटांत उतरताना ब्रेक सतत दाबून तापतात व त्यांची पकड सुटते. उंच रचलेल्या मालामुळे वळणावर गाडीचा तोलही जातो. अशा वेळी एका खेपेत वाचविलेले हजार-दोन हजार रुपये कोणाच्या कामी येणार ?

कायदाही या बाबतीत कडक आहे. २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या मोटार वाहन अधिनियमान्वये जादा भाराबद्दल २०,००० रुपये व जादा प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही भरावा लागतो. नाशवंत माल रस्त्याच्या कडेला उतरविणे म्हणजे तो टाकून देण्यासारखेच होय.

हौद्यात मजूर भरून नेण्याची रीत त्याहूनही गंभीर आहे. सकाळी तोडणीसाठी वीस-पंचवीस स्त्री-पुरुष मागे उभे करून नेले जातात. मालवाहू गाडीच्या विम्यात मालाच्या धन्यास किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीस संरक्षण मिळते, हौद्यातील प्रवाशांस ते मिळत नाही. अपघात झाल्यास मजुराचे घर उघड्यावर पडते, आणि भरपाईची जबाबदारी गाडीच्या मालकावर येऊ शकते. मजुरांसाठी प्रवासी वाहनाची वेगळी सोय करण्याचा खर्च तोडणीच्या खर्चातच धरला पाहिजे.

गाडीत भरलेल्या मालाची निगा

गाडी वेळेवर पोचली, परंतु माल चेंगरून पोचला, तर सारा खटाटोप व्यर्थ आहे. लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या २०१५ च्या अहवालानुसार टोमॅटोचे १२.४४ टक्के व पेरूचे १५.८८ टक्के नुकसान काढणीपासून विक्रीपर्यंतच्या निरनिराळ्या टप्प्यांवर होते. वाहतूक हा त्यांतील एक टप्पा असून तो शेतकऱ्याच्या हातचा आहे.

पिकअप गाडीचे मागील पाटे पूर्ण भारासाठी ताठ ठेवलेले असतात. त्यामुळे अर्धवट भरलेली गाडी खड्ड्यांत अधिक उसळते, व टोमॅटो, अंजीर यांसारखी नाजूक फळे अधिक दुखावतात. ठरलेल्या क्षमतेइतकी भरलेली गाडी पैशाच्या दृष्टीने परवडते व मालालाही मानवते. फळे पोत्यांत न भरता वीस किलोच्या प्लास्टिक क्रेटमध्ये भरावीत. क्रेट काठोकाठ न भरता वर दोन बोटे जागा सोडावी, म्हणजे वरच्या क्रेटचा भार खालील फळांवर येत नाही. तोडलेला भाजीपालाही श्वासोच्छ्वास करीतच असतो व त्यातून उष्णता निघते. म्हणून ताडपत्री चारही बाजूंनी गच्च न आवळता हवा खेळेल अशी बांधावी. तोडणी सकाळी किंवा सायंकाळी करून माल सावलीत ठेवावा व गाडी रात्रीच्या गारव्यात हाकावी.

जेथे बाजार पन्नास-साठ किलोमीटरच्या आत आहे व रोज एकाच मार्गाने ये-जा आहे, तेथे विजेवर चालणाऱ्या लहान गाडीचाही विचार करावा. तिचा चालविण्याचा खर्च कमी येतो व तिच्यावरील वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. मात्र गावातील वीजपुरवठ्याची वेळ, घाटाचा चढ व जवळचे दुरुस्ती केंद्र यांची चौकशी आधी करावी.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

कर्ज देणाऱ्या संस्थांनीही या कामी आपला वाटा उचलावा. गाडीसाठी अर्ज आला की, केवळ सात-बाराचा उतारा व तारण पाहून थांबू नये. वर्षात किती क्विंटल माल, कोणत्या महिन्यांत, कोणत्या बाजारात जाणार, याचे एक पानी टिपण अर्जासोबत मागावे. ज्याला हे पान भरता येत नाही त्याला कर्ज नाकारणे, हे त्याचे हितच करण्यासारखे आहे. गटाच्या अर्जास अग्रक्रम मिळाला, तर गावोगाव अर्ध्या रिकाम्या धावणाऱ्या दहा गाड्यांऐवजी भरून जाणाऱ्या तीन गाड्या दिसू लागतील.

शेतकरी बंधूंनी गाडी घेण्यापूर्वी आपल्याच वहीत चार प्रश्न लिहून काढावेत. महिन्यास पंधरा भरलेल्या खेपांचा माल कोठून येणार ? पीक नसलेल्या महिन्यांत गाडी काय करणार ? भाव पडलेल्या वर्षी हप्ता कशातून भरणार ? आणि या कामात सोबत घेता येतील असे शेजारी कोण ? पहिल्या तीन प्रश्नांचे उत्तर पुष्कळदा चौथ्या प्रश्नात सापडते. ते सापडल्यास पिकअप अवश्य घ्यावी. बांधावर आलेल्या व्यापाऱ्याला शांतपणे 'आज नको' असे सांगण्याचे बळ ती दहा घरांना देईल.